फोटोओळ कोण लिहिणार?

गरिबाच्या पोराच्या हातात कॅमेरा द्या, म्हणजे ते आपली गोष्ट आपण सांगेल, असे मानणारी भली मंडळी जगभर आहेत. त्यांच्या भलेपणाबद्दल आमची तक्रार नाही. निर्वासितांच्या छावणीत, झोपडपट्टीत, सरहद्दीवरच्या एखाद्या गावात ती चार आठवड्यांची कार्यशाळा घेतात, मुलांना कॅमेरे वाटतात, शेकडो फोटो जमा करतात आणि त्यातले निवडक राजधानीतल्या एखाद्या दालनात टांगतात. उद्‌घाटनाला परदेशी वकिलातीतले साहेब येतात. ज्यांनी फोटो काढले ती मुले मात्र येत नाहीत, कारण त्यांना छावणीच्या फाटकाबाहेर पडायची परवानगी नसते. आमचा प्रश्न त्या निवडक फोटोंबद्दल आहे. शेकड्यांतून ते निवडले कोणी? त्यांच्याखाली ओळ लिहिली कोणी? आणि एखाद्या पोरीने ‘हा माझा फोटो लावू नका’ असे म्हटले असते, तर ते कोणी ऐकले असते का?

बटण कोणी दाबले, एवढ्यावरच जर फोटोची मालकी ठरत असती तर प्रश्न फार सोपा होता. वर्तमानपत्रात काम केलेल्या कोणालाही विचारा. फोटोचा अर्थ फोटोओळ ठरवते. रस्त्यावर पळणाऱ्या माणसाच्या फोटोखाली ‘जमावापासून जीव वाचवताना’ लिहिले की तो एक माणूस होतो, ‘दगडफेक करून पसार होताना’ लिहिले की दुसराच. मोहल्ल्यात राहणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

या पद्धतीला आता पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि तो सगळाच टाकाऊ नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यात, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात वेंडी इवाल्ड या छायाचित्रकार बाईंनी १९७०च्या दशकात शाळकरी मुलांना कॅमेरे दिले, फोटो धुवायला शिकवले आणि त्यांची स्वप्ने त्यांच्याच शब्दांत लिहवून घेतली. त्याचे पुस्तक १९८५ साली निघाले. पुढे गुजरातेतल्या एका खेड्यातही त्यांनी मुलांबरोबर असेच काम केले. नव्वदीच्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. त्या फोटोंवर बायकांनीच बसून चर्चा करायची आणि त्यांचे म्हणणे अधिकाऱ्यांपुढे मांडायचे, अशी ती रीत होती. ‘फोटोव्हॉइस’ हे तिचे नाव आता विद्यापीठांतून शिकवले जाते. आपल्या शेजारी ढाक्यात शहिदुल आलम यांच्या ‘दृक’ संस्थेने १९९४ पासून कष्टकऱ्यांच्या मुलांना फोटोग्राफी शिकवली. हेच आलम २०१८ साली विद्यार्थ्यांच्या आंदोलनाबद्दल बोलले म्हणून १०७ दिवस तुरुंगात होते.

आणि मग कलकत्त्याच्या सोनागाचीची मुले. ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ या चित्रपटाला २००५ साली ऑस्कर मिळाले. वेश्यावस्तीतल्या मुलांना कॅमेरे दिले, त्यांनी सुंदर फोटो काढले, हे खरेच आहे. पण चित्रपटाची गोष्ट कोणाची? कॅमेरे देणाऱ्या बाईंची. त्या मुलांच्या आयांची तिथे संघटना होती, ती वर्षानुवर्षे आपल्या हक्कांसाठी झगडत होती. पडद्यावर मात्र आया शिव्या देताना दिसतात आणि मुले वाचवायची वस्तू म्हणून. फोटो मुलांचे होते, फोटोओळ दुसऱ्याची होती.

आता सरहद्दीकडे येऊ. म्यानमार आणि बांगलादेश यांच्यामध्ये नाफ नावाची नदी आहे. तिच्या अलीकडे कॉक्स बाजार जिल्ह्यात १० लाखांहून अधिक रोहिंग्या बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांतून राहतात. रोहिंग्यांचे उदाहरण ते मुसलमान आहेत म्हणून आम्ही घेत आहोत, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. फोटोने इतका छळलेला दुसरा समाज आम्हाला चटकन आठवत नाही, हे आमचे कारण आहे.

राखाइनमध्ये, म्हणजे जुन्या आराकानात, सरकारी माणसे ठरावीक काळाने रोहिंग्यांच्या गावात येत. घरोघरची यादी तपासत. सगळ्या कुटुंबाला ओळीने उभे करून फोटो घेत. त्या दिवशी जो घरी नसेल त्याचे नाव यादीतून उडण्याची धास्ती. १९८२च्या कायद्याने या लोकांना नागरिकत्वाबाहेर ठेवले, फोटो काढणे मात्र थांबले नाही. आजोबा, अब्बा, अम्मी, पोरे एकत्र असलेला जो फोटो घरात असायचा, तो अनेकदा या मोजणीचाच. चेहऱ्यावर हसू नाही, नजर कॅमेऱ्यात, बाहू अंगाला चिकटलेले. कोणी फरारी झाले तर पकडायला सोपे जावे, असा तो कौटुंबिक फोटो!

मग सप्टेंबर २०१७ मध्ये, गावे जळत असताना, म्यानमार सरकारने पत्रकारांना सहल घडवली. मुसलमान स्वतःचीच घरे पेटवत आहेत, असे फोटो त्यांना दाखवण्यात आले. त्या फोटोंतल्या बायकांनी डोक्यावर टेबलक्लॉथसारखे काहीतरी घेतले होते. आमच्या एखाद्या दादीने पाहताक्षणी ओळखले असते की ही बाई रोज डोक्यावर पदर घेणारी नव्हे. पत्रकारांनीही ओळखले, त्यातली माणसे त्यांना आधीच दुसऱ्या एका आसऱ्याच्या ठिकाणी भेटलेली होती आणि ती मुसलमान नव्हती.

पुढच्या वर्षी, जुलै २०१८ मध्ये, तिथल्या लष्कराच्या प्रचार खात्याने एक पुस्तकच काढले. रोहिंग्या हे बाहेरून घुसलेले बंगाली आहेत, हे फोटोनिशी सिद्ध करणारे. ऑगस्टअखेर रॉयटर्सने त्यातले तीन फोटो उघडे पाडले. ‘बंगाल्यांनी स्थानिकांची निर्घृण हत्या केली’ अशी ओळ ज्याखाली होती, तो फोटो १९७१च्या बांगलादेश युद्धातला, बंगाल्यांच्याच प्रेतांचा. घुसखोरांचा तांडा म्हणून जो छापला, तो १९९६ साली टांझानियात काढलेला रुआंडाच्या निर्वासितांचा. मूळ रंगीत, इथे जुनाट दिसावा म्हणून काळापांढरा केलेला. तिसऱ्यात होडीने देश सोडून चाललेली माणसे देशात शिरत आहेत असे दाखवले होते. लष्कराने पुढे दोन फोटोंबद्दल दिलगिरी व्यक्त केली. सैन्याला दिलगिरी व्यक्त करायला लावणारी फोटोओळ! तिची ताकद ज्याला कळत नाही, त्याने मुलांना कॅमेरे वाटण्याच्या फंदात पडू नये.

या काळात सात लाखांहून अधिक माणसे नाफ ओलांडून आली. इकडे पुन्हा फोटो. नोंदणी, अंगठा, ओळखपत्र. शिधा हवा तर कॅमेऱ्यापुढे बसा. ह्यूमन राइट्स वॉचने जून २०२१ मध्ये असे उघड केले की ही माहिती – नावे, फोटो, ठसे – बांगलादेशने परतपाठवणीच्या पडताळणीसाठी म्यानमारकडे सोपवली. किमान ८ लाख ३० हजार माणसांची. ज्यांच्यापासून पळाले त्यांच्याकडेच! संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने संमती घेतली होती असे सांगितले. पुष्कळांना ते माहीतही नव्हते, असे त्या संघटनेला निर्वासितांनी सांगितले. तांदळाच्या रांगेत उभ्या माणसाची संमती म्हणजे काय असते, हे आपण रेशनच्या दुकानासमोर उभे राहून समजू शकतो.

आणि तिसरे फोटो पत्रकारांचे. रॉयटर्सच्या छायाचित्रकारांना २०१८ साली रोहिंग्यांच्या फोटोंसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यांत दानिश सिद्दीकी होता. दिल्लीचा, जामियात शिकलेला, आमचाच म्हणावा असा. होडीतून उतरून बांगलादेशच्या वाळूला हात लावणारी थकलेली बाई त्याने टिपली. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात, स्पिन बोल्डकला काम करतानाच तो मारला गेला. त्याच्या फोटोवर बोट ठेवण्याची आमची लायकी नाही. पण तो फोटो एका क्षणाचा आहे. ती बाई उठून पुढे गेली असेल, चूल मांडली असेल, शेजारणीशी भांडली असेल. जगाच्या लेखी मात्र ती अजून वाळूवर बसलेली आहे. बातमी तिथेच संपते. एरवी रोहिंग्या म्हटले की आपल्या मराठी वाचकापुढेही चिखल, होडी आणि रडणे यांपलीकडे काही उभे राहत नाही.

असे असताना छावणीतल्या पोरांनी फोन हातात घेतले. फोन स्वस्तातले, चार्जिंग सौर पाटीवर. सप्टेंबर २०१९ मध्ये बांगलादेश सरकारने छावण्यांतले मोबाइल इंटरनेट बंद केले, सिमकार्डांवर बंदी आणली. जवळजवळ वर्षभर, करोनाच्या साथीतही, ते तसेच राहिले. छावण्यांभोवती काटेरी तारेचे कुंपण आले. २२ मार्च २०२१ रोजी बालुखालीला आग लागली, हजारो झोपड्या गेल्या, पळणाऱ्यांना ते कुंपण आडवे आले. बाहेरचे कॅमेरे पोचण्याआधी आगीचे फोटो आतल्या मुलांनी काढले. त्याच सप्टेंबरात मोहिब उल्ला यांचा छावणीतच गोळ्या घालून खून झाला. शिक्षक माणूस, गावोगाव कोण कोण मारले गेले, याच्या याद्या झोपडीझोपडीत फिरून त्यांनी केल्या होत्या. नोंद ठेवणे तिथे किती जोखमीचे काम आहे, हे यावरून ध्यानात यावे.

२०२२ साली याच तरुणांचे एक मासिकवजा प्रकाशन सुरू झाले. सहात झिया हीरो या छावणीतल्याच छायाचित्रकाराने, डेव्हिड पालाझोन या परदेशी सहकाऱ्याबरोबर, ते उभे केले. नाव ‘रोहिंग्याटोग्राफर’. या नावावर आम्ही जरा थांबू इच्छितो. २०१६ साली आंग सान सू ची यांच्या सरकारने अधिकाऱ्यांना ‘रोहिंग्या’ हा शब्द वापरू नका, ‘राखाइनमधील मुस्लिम’ म्हणा, असे बजावले होते. शांततेचे नोबेल मिळालेल्या बाईंच्या राज्यात! जो शब्दच उच्चारायचा नाही, तो या पोरांनी कॅमेऱ्याला जोडून टाकला. त्यांच्या फोटोंत आग आहे, पूर आहे, पण म्हातारी माणसे, कारागीर, खेळणारी पोरे आणि घरातला रोजचा दिवसही आहे. फोटोतला माणूस कोण, त्याचे म्हणणे काय, हे सोबत असते. २०२३ साली सहातसह अब्दुल्ला हबीब, सलीम खान आणि शाहिदा विन यांना आशिया-पॅसिफिक विभागाचा नान्सेन पुरस्कार मिळाला. तो दिला संयुक्त राष्ट्रांच्या त्याच निर्वासित संस्थेने. चौघेही छावणीत राहून आपल्या लोकांची नोंद ठेवणारे.

आम्हाला हे काम कार्यशाळेतल्या फोटोंपेक्षा मोठे वाटते ते यासाठी, की निवड त्यांच्यात होते. उद्या ही मंडळी एखादा फोटो ‘नको’ म्हणाली, तर तो जात नाही. शेजारच्या बाईने सांगितले, माझा चेहरा दाखवू नकोस, तर तिला दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर तोंड दाखवायचे असते. चार आठवड्यांनी विमानात बसणाऱ्याला हा नळ नसतो.

पण इथेही ओळ मुख्यतः इंग्रजीत आहे. त्याची गरज आम्हाला कळते. जगाने वाचावे, देणगीदाराने वाचावे. तरी या भाषेच्या प्रश्नात एक क्रूर गंमत आहे. म्यानमार म्हणतो, हे बंगाली. बांगलादेश म्हणतो, हे आमचे नव्हेत; म्हणून छावणीतल्या वर्गांत बंगालीतून शिकवायला मनाई. म्हणजे ज्या भाषेच्या नावाने हाकलले, ती भाषा शिकायचीही चोरी! रोहिंग्यांना स्वतःची लिपी आहे, हनिफी. १९८०च्या दशकात मोहम्मद हनीफ यांनी ती घडवली, उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि २०१८ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. ज्या वर्षी सैन्य खोट्या फोटोओळी छापत होते, त्याच वर्षी खरी ओळ आपल्या लिपीत लिहिण्याची सोय झाली. ती लिपी मुलांना शिकवायला पैसे कोण देतो? कॅमेरे वाटणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा प्रश्न विचारला आहे?

मुसलमान म्हटला की त्याची भाषा उर्दूच, असे इथे ज्यांच्यावर लादले गेले आणि जे मराठीतून लिहीत राहिले, त्यांना या गोष्टीचे मर्म सांगायला नको. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले, तेव्हाही भांडण हेच होते. मराठी कथा-कादंबरीत मुसलमान पात्र होतेच की! अत्तर विकणारे, तलवार उपसणारे, नाहीतर मालकासाठी जीव देणारे इमानी. त्याखालची ओळ आमची नव्हती.

आता घरातल्यांशी दोन शब्द. तसबीर हराम, असे सांगणारे आमच्यात आहेत. २०१३ साली देवबंदच्या दारुल उलूमच्या प्रमुखांनी फोटोग्राफी इस्लामला धरून नाही असे म्हटले, ओळखपत्र आणि पासपोर्टापुरती सवलत ठेवून. शरीयतची चर्चा करण्याचे हे ठिकाण नव्हे आणि वेगळे मत देणारे उलमाही आहेत. पण या सवलतीचा अर्थ आम्ही लावून पाहिला. सरकारला आमचा फोटो हवा असेल तर चालतो. आम्हाला आमचा हवा असेल तर चालत नाही. रोहिंग्यांच्या घरात वर्षानुवर्षे नेमके हेच चालले होते, फतव्याशिवाय. ओळीने उभे राहा, हलू नका. ज्या समाजाकडे मोजणीचे फोटो आहेत पण लग्नाचे नाहीत, त्याने आपण तिथे राहत होतो हे कोर्टात सिद्ध कसे करायचे? गांबियाने २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारविरुद्ध खटला भरला आहे. अशा ठिकाणी कागद लागतात, फोटो लागतात.

याचा सगळ्यात जास्त फटका मुलींना बसतो. छावणीत वयात आलेल्या मुलीचे झोपडीबाहेर पडणेच अवघड, कॅमेरा घेऊन फिरणे दूरच. परंतु बायकांच्या झोपडीत, न्हाणीच्या पडद्याआड, दाईजवळ पुरुष जाऊ शकत नाही. तिथली गोष्ट मुलगीच सांगू शकते. पर्द्याचा कैवार घेणाऱ्यांनी खरे तर तिच्या हातात कॅमेरा आधी द्यायला हवा. चौघा पुरस्कारविजेत्यांत शाहिदा विन आहे, हे आमच्या जलशांतून कोणी सांगितलेले आम्ही ऐकले नाही.

हा प्रश्न नाफपुरताच आहे असे कोणाला वाटत असेल, तर मालेगाव आठवावे. १ मार्च २००२ रोजी अहमदाबादेत हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून जीव वाचवा म्हणणाऱ्या एका तरुण शिंप्याचा फोटो अर्को दत्ता यांनी काढला. फोटोमुळे जगाला गुजरात कळले. त्या शिंप्याचे काय झाले? तो आसऱ्याला बहिणीकडे मालेगावला आला, कामाला लागला. काही दिवसांत कोणीतरी तो छापलेला चेहरा आणून दाखवला आणि त्याचे काम गेले. पुढे राजकीय पक्षांनी निवडणुकीच्या प्रचारात तो फोटो वापरला. त्याला न विचारता. आज तो काय म्हणतो, मुलांना काय सांगतो, हे पाहायला कोणी त्याच्या हातात कॅमेरा दिला नाही. आणि याच मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांनी भाड्याच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला होता, तोही २००० साली, कोणाच्या अनुदानाशिवाय. बॉम्बस्फोट आणि दंगल यांवाचून मालेगावची बातमी न छापणाऱ्यांना ते शहर हसताना कधी दिसलेच नाही. सांगायचा मुद्दा, आमच्या लोकांना सांगता येते. कार्यशाळेवाचून अडलेले नाही.

तेव्हा मराठी संपादकांना, आणि यात आमच्या अंकांचे संपादकही आले, आम्ही विचारतो. रोहिंग्यांवर लेख छापताना इंटरनेटवरून रडत्या बाईचा फोटो उचलून वर ‘संग्रहित’ लिहिण्याऐवजी छावणीतल्या छायाचित्रकाराला लिहून फोटो का मागवू नये? त्याचे मानधन का देऊ नये? त्याने दिलेली ओळ, तो म्हणेल तशी, मराठीत का आणू नये? ती कमी करुण असेल. तिच्यात कदाचित एखाद्या म्हाताऱ्याच्या पानाच्या डब्याचे वर्णन असेल आणि आपल्या संपादकीयाच्या सुराशी ते जुळणार नाही. मग संपादकीयाचा सूर बदलावा. पुलित्झरवाल्या फोटोचे पैसे वृत्तसंस्था बिनबोभाट वसूल करते. छावणीतल्या पोराच्या वेळी मात्र ‘त्याला प्रसिद्धी मिळते आहे’ हेच त्याचे मानधन! गरिबाने फुकट द्यावे, हा नियम कॅमेरा आला म्हणून बदललेला नाही.

ग्रेग कॉन्स्टन्टाइन या अमेरिकन छायाचित्रकाराने बरीच वर्षे रोहिंग्यांचे फोटो काढले. अलीकडे त्याने वेगळे काम हाती घेतले आहे. स्वतः काढण्याऐवजी तो रोहिंग्यांनीच जपलेले जुने फोटो, दाखले, पत्रे त्यांच्याबरोबर बसून गोळा करतो. पळताना भांडी राहिली, कोंबड्या राहिल्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लोकांनी हे आणले: जमिनीची पावती, आजोबांचे ओळखपत्र, सरकारी नोकरीतला कोणाचा तरी फोटो. या कामाचे नाव त्यांनी रोहिंग्या भाषेत ठेवले आहे, ‘एक खाले’. आम्ही ते मोठ्याने वाचले आणि चमकलो. अर्थ विचारावा लागला नाही. एके काळी. आराकान न पाहिलेली, ऑगस्ट २०१७ नंतर छावणीत जन्मलेली मुले आता शाळेच्या वयाची आहेत, आणि घर कसे होते असे त्यांनी विचारले की अम्मी ती पिशवी सोडते.